हरित इमारतीचा पाटकरी

त्या दिवशी सभागृहात ज्या टाळ्या वाजल्या, त्यांतून मी अजून सावरलेले नाही. भानुदासतात्या गेले त्याचा धक्का आहेच. पण वय झालेला माणूस एक दिवस जातो, हे निदान समजून तरी घेता येते. त्या टाळ्या मला आजही समजत नाहीत. म्हणून हे सावकाश, आठवेल तसे लिहून काढते आहे.

तात्या आमच्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीची देखभाल करत. गाव इंदापूर तालुक्यातले शेळगाव. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढली होती. पाटकरी म्हणजे पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा माणूस. कोणत्या चारीचे दार केव्हा उघडायचे, केव्हा बंद करायचे आणि कालव्यात पाणी किती आहे ते रोज गेजपट्टीवर वाचून वर कळवायचे, हे त्याचे काम. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना. कोणीतरी ओळखीने आमच्याकडे कंत्राटी कामावर लावून दिले. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ग्रंथपाल आहे. आमची ओळख झाली ती कामामुळे, आणि टिकली ती बहुधा दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती म्हणून.

इमारत बारामतीत नावाजलेली. दर्शनी बाजूला पानाचे चित्र कोरलेली धातूची पाटी आहे. ही हरित इमारत आहे, वीज आणि पाणी वाचवणारी आहे, असे तिच्यावर लिहिलेले आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आधी त्या पाटीसमोर त्यांचे फोटो निघतात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तात्या माझ्याकडे आले आणि त्यांनी विचारले, "बाई, ही पाटी कशाची?"

मी सांगितले की इमारतीला मानांकन मिळाले आहे. काच कोणती वापरली, पाणी कसे साठवणार, झाडे कोणती लावली, सायकली ठेवायला जागा आहे का, अशा एकेका गोष्टीला गुण असतात. गुणांची बेरीज होते आणि बेरजेवरून श्रेणी ठरते. आमची श्रेणी वरून दुसरी.

"आन हे गुण कवा दिलं?"

"इमारत बांधून झाली तेव्हा. आराखडे आणि हिशेब बघून."

"म्हंजी मानसं राहायला यायच्या आदीच पास?"

"तसं म्हणा."

"मंग ती चालती कशी, ते कोन बगतं?"

"काही वर्षांनी पुन्हा तपासतात. तेव्हा प्रत्यक्ष वापर बघतात म्हणे."

"बगतात नव्हं? मंग झालं तर," तात्या म्हणाले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. तेव्हा मला त्या चेहऱ्याचे काही विशेष वाटले नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नोंदी सुरू केल्या. सकाळी सातच्या ठोक्याला जुन्या मोटरसायकलवरून येत. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला एक निळे आणि एक लाल पेन. आधी विजेचा मीटर, मग बोअरचा, मग नगरपालिकेच्या पाण्याचा, शेवटी पार्किंगखालच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीचा. प्रत्येक मीटरसमोर उभे राहून आकडा मोठ्याने म्हणत, चार पावले मागे जात, पुन्हा येऊन वाचत, आणि मगच लिहीत. मी एकदा विचारले, दोनदा कशाला? म्हणाले, "पैली नजर आपल्याला पायजे त्येच बगती."

हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीटर बसवलेले होते, कारण मीटर बसवण्याला गुण होते. ते रोज वाचावेत असे कोणाच्या मनात आले नव्हते.

न पाहिलेला आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. भाचीच्या लग्नाला गेले त्या दिवशीच्या ओळीत त्यांनी लिहिले होते, 'लग्नाला गेलो होतो. आकडा नाही.' प्राचार्यांनी एकदा सहज वही चाळली आणि म्हणाले, "तात्या, मागच्या-पुढच्या दिवसाची सरासरी टाकून द्यायची. ओळ मोकळी बरी दिसत नाही."

"साहेब, त्या दिवशी मीटर हितं व्हता आन मी तितं व्हतो," तात्या म्हणाले. "दोगांची भेटच झाली न्हाय."

प्राचार्य हसले. तात्या हसले नव्हते.

आमच्या वाचनालयातले दिवे आपोआप लागतात आणि विझतात. छताला बसवलेला सेन्सर खोलीत हालचाल आहे का ते बघतो. हालचाल नसेल तर माणूस नाही असे समजून दिवे बंद करतो. त्यालाही गुण आहेत. पण वाचनालयात माणूस हलत नाही, हे आराखडा करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. जो जितका मन लावून वाचेल तितक्या लवकर त्याच्यावर अंधार पडायचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींनी मग पाळ्या लावल्या. दर दहा मिनिटांनी एकीने उठायचे आणि दोन्ही हात डोक्यावर हलवायचे. त्यांत डाळजची पूनम होती. दीड तास एसटीने यायची आणि उरलेला वेळ एका जागी खिळून वाचायची. तिच्या पाळीला हमखास अंधार व्हायचा.

"अगं पूनम, हात!" बाकीच्या ओरडायच्या.

तात्यांनी हे दारात उभे राहून पाहिले. थोड्या वेळाने एक टेबलफॅन घेऊन आले, त्याच्या जाळीला वर्तमानपत्राची लांब पट्टी बांधली आणि मान फिरवणारा तो पंखा सेन्सरसमोर कपाटावर ठेवून दिला. पट्टी फडफडू लागली, दिवे लागले ते लागलेच.

"ही घ्या तुमची नवी विद्यार्थिनी," तात्या म्हणाले. "लई चंचल हाय, पन उपेगाची."

मुली पोट धरून हसल्या. संध्याकाळी वहीत मात्र लाल पेनाने नोंद पडली होती: 'वीज वाचवायच्या सेन्सरसाठी पंखा एक. दिवसभर.' आपल्याच युक्तीने वीज वाढली तर तीही त्यांना लपवायची नव्हती.

टाकीची गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही.

त्या वर्षी पाऊस असा झालाच नव्हता. तरी पावसाच्या पाण्याची टाकी छान भरत होती. प्राचार्यांनी प्रवेशद्वारात फळा लावला होता, त्यावर दर महिन्याला 'वाचवलेले पावसाचे पाणी' म्हणून आकडा लिहिला जाई. पाहुणे तो वाचून माना डोलावत. तात्यांना तो आकडा झोप लागू देईना. आकडे त्यांचेच होते, खरे होते, पण पाऊस कुठे होता?

एका सकाळी ते वर आले आणि म्हणाले, "बाई, जरा खाली चला. साक्षीला कुनीतरी पायजे."

त्यांनी टाकीचे झाकण सरकवले, पोटावर पालथे पडून हात आत घातला आणि ओंजळभर पाणी काढले. वास घेतला. जिभेवर एक थेंब ठेवला. मग मला वही दाखवली. टाकी कोणकोणत्या दिवशी चढली त्यावर त्यांनी निळ्या खुणा केल्या होत्या, आणि कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटले त्या दिवसांवर लाल. निळे आणि लाल एकमेकांच्या अंगावर पडले होते.

"हे आभाळाचं न्हाय," तात्या म्हणाले. "हे कालव्याचं हाय. मी वळकनार न्हाय व्हय?"

दोन दिवस नळ शोधत फिरल्यावर उलगडा झाला. बांधकाम चालू असताना काँक्रीटवर मारायला पाणी लागे. म्हणून संस्थेच्याच शेजारच्या शेतातली कालव्याची पाइपलाइन तेवढ्यापुरती या टाकीला जोडली होती. इमारत झाली, मिस्त्री गेले, तो जोड तोडायचा राहून गेला. आवर्तन सुटले की शेताबरोबर टाकीही भिजत होती. कोणी फसवले नव्हते, फक्त कोणी खाली वाकून बघितले नव्हते.

प्राचार्य वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहिले पाहिजे. ते सारासार विचार करतात, आणि तेव्हाही त्यांनी तोच केला. म्हणाले, "तात्या, सध्या राहू द्या तसंच. पाणी ते पाणी. फळ्यावरचा आकडा एकदम शून्य केला तर लोक काय म्हणतील?"

"साहेब, हे पानी खालच्या रानांचं हाय. आमच्या शेळगावाकडं येताना पाळी चार तासांनी तुटती, तवा आमी वरच्यांच्या नावानं खडं फोडत आलो. वरचं म्हंजी आपुनच निगालो की!"

त्या जोडावरचा व्हॉल्व्ह त्यांनी त्याच दिवशी बंद केला. टाकी आठवड्यात कोरडी पडली. फळा कोणीतरी काढून ठेवला. आणि तात्यांच्या वहीत तेव्हापासून एक नवा रकाना आला, 'आभाळाचं' असा. त्यात कितीतरी महिने नुसती शून्ये आहेत, एकाखाली एक, नीट गोल काढलेली.

आता वाचनालयाविषयी. माझा अभ्यासाचा हॉल पश्चिमेला आहे आणि ती अख्खी भिंत काचेची आहे. दिवसाउजेडी दिवे लावावे लागू नयेत म्हणून काच. त्याला भरपूर गुण मिळाले होते. समोरच्या भिंतीतही काचाच आहेत, अरुंद. कोणतीही काच उघडत नाही, कारण कागदावर हा हॉल वातानुकूलित आहे. आतली थंड हवा बाहेर जाऊ नये, असा हिशेब. पण दुपारचे ऊन त्या काचेतून आत आले की यंत्रे गुरगुरत राहत आणि बिल फुगत जाई. बिल फुगले म्हणून संस्थेने हॉलमधली यंत्रे दुपारी बंद ठेवायचा नियम केला. मुख्य कार्यालयातली चालू राहिली. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या मुली बंद काचेच्या पेटीत बसत. यंत्र नाही आणि खिडकीही नाही.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पूनम वाचता वाचता खुर्चीवरून खाली घसरली. आधी वाटले पेन पडले म्हणून वाकली आहे. मग तिचे डोके टेबलाच्या पायावर आपटल्याचा आवाज आला. तात्यांनी तिला उचलून तीन जिने खाली नेले, आवारातल्याच जुन्या इमारतीच्या ओसरीत निजवले आणि टॉवेल भिजवून वारा घालत बसले. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "तात्या, माझी जागा कुणी घेतली नाही ना?"

तात्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले. त्या दिवशीच्या पानावर मीटरच्या आकड्यांखाली ओळ आहे: 'दुपारी तीन. पूनम, डाळज. चक्कर.'

"ही वही मीटरची आहे," प्राचार्य म्हणाले.

"व्हय साहेब. हे बी मोजमापच हाय."

त्यानंतर तात्यांना एकच ध्यास लागला. हॉलच्या खिडक्या उघडल्या गेल्या पाहिजेत. सगळ्या नाहीत, दोन. त्यांनी अर्ज दिला. उत्तर आले की फेरतपासणी तोंडावर आहे, आत्ता काचांना हात लावला तर काच आणि थंड हवेच्या हिशेबाचे गुण जातील. आपण तर या वेळी सर्वांत वरच्या श्रेणीसाठी अर्ज करतो आहोत. तपासणीनंतर बघू.

मला वाटले तात्या चिडतील. ते उलट खूश झाले. "येऊ द्या तपासनी," म्हणाले. "वह्या हायत की माज्याकडं. कालव्यावर मी गेज उतरल्याचं लिवलं का दुपारपातूर वरनं मानूस यायचा. लिवलेलं कुनी वाचलं न्हाय आसं कदी झालं न्हाय."

त्यांचा तो विश्वास मी पाहत होते. आणि मी काय केले तेही लिहिते. फेरतपासणीच्या अर्जाला इमारत वापरणाऱ्यांचे मत जोडावे लागते. तो फॉर्म भरून घ्यायचे काम माझ्याकडे आले. हॉलमधले तापमान कसे वाटते: समाधानकारक, साधारण, असमाधानकारक. अर्ज जानेवारीत जायचा होता, म्हणून मी फॉर्म डिसेंबरात वाटले. सकाळी दहा वाजता. मुली शाली गुंडाळून, कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. सगळ्यांनी 'समाधानकारक'वर खूण केली. पूनमनेही केली. खोटे कोणीच लिहिले नव्हते.

तात्या तो गठ्ठा बघत म्हणाले, "मे महिन्यात इचारायचं हुतं, बाई."

"अर्ज जानेवारीत जायचाय, तात्या. माझ्या हातात काय आहे?"

"तुमची खुर्ची सावलीत हाय न्हवं?" ते म्हणाले, आवाज न चढवता. "मंग तुमचं तरी खरंच समाधानकारक आसंल."

ते वाक्य मी रोज खुर्चीवर बसताना ऐकते.

तपासणीला पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले. अतिशय सभ्य, हसतमुख. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्या वह्या धुतलेल्या धोतराच्या पानात बांधून पहाटेपासून तयार होते. गाठोडे सोडून त्यांनी वह्या टेबलावर ओळीने मांडल्या. पूनमच्या पानात, टाकीच्या पानात, उन्हाळ्याच्या पानांत कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या.

"रोज लिहिता?" त्या गृहस्थांनी विचारले.

"रोज."

"सणालासुद्धा?"

"मीटरला कुठला सन आलाय."

"वा!" ते मनापासून म्हणाले. त्यांनी वह्यांचे फोटो घेतले. मुखपृष्ठांचे, मग पहिल्या वहीच्या पहिल्या पानाचे, मग वह्या हातात धरून उभ्या असलेल्या तात्यांचा. एक वही त्यांनी उघडलीही, पण ती चिठ्ठी नसलेल्या पानावर उघडली. घड्याळ पाहिले आणि सायकलींची जागा बघायला खाली गेले.

तात्या मला म्हणाले, "फोटू काडलेत म्हंजी तिकडं निवांत वाचत्याल."

मार्चमध्ये निकाल आला. आमच्या इमारतीला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. प्राचार्यांनी गुणपत्रक मला टाचून ठेवायला दिले तेव्हा मी ते सावकाश वाचले, मग पुन्हा वाचले. विजेच्या अंदाजित बचतीला पूर्वीचेच गुण होते, कारण अंदाज पूर्वीचाच होता. हॉलच्या आरामदायीपणाला पूर्ण गुण, माझ्या डिसेंबरच्या फॉर्मवरून. आणि एका रकान्यात लिहिले होते: वापराची नियमित नोंद, पूर्ण गुण. त्याखाली, रोजच्या हस्तलिखित नोंदींच्या अभिनव उपक्रमाबद्दल एक गुण जादा. त्या एका गुणामुळेच आम्ही वरच्या श्रेणीत गेलो होतो.

इमारत वीज आणि पाणी वाचवत नाही, हे ज्या वह्यांनी दिवसागणिक सांगितले होते, त्याच वह्या लिहिल्याबद्दल तिला वर चढवले होते. मी कागद हातात धरून किती वेळ बसले होते ते आठवत नाही. सेन्सरने दिवे बंद केले तेव्हा भानावर आले. पंखा तात्यांनी त्या दिवशी दुरुस्तीला नेला होता.

तात्यांना हे मीच सांगितले. त्यांना आधी समजले नाही. मी पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी लिवल्याचं गुण दिलं. आन लिवलंय काय, त्येचं?"

"त्याचा रकाना नाही, तात्या."

माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला, आणि न पिता परत ठेवला.

नवी पाटी लावायचा समारंभ झाला. संस्थेचे अध्यक्ष, पाहुणे, भरलेले सभागृह. तात्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार होता. निवेदकाने त्यांना 'आपल्या हरित यशाचा मूक शिल्पकार' म्हटले आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला. तात्या माइकसमोर उभे राहिले. खिशातून कागद काढला नाही. आकडे त्यांना पाठ होते.

"नमस्कार," ते म्हणाले. "ही इमारत जुन्या इमारतीच्या दीडपट वीज खाती."

टाळ्या वाजल्या.

तात्या थांबले. मला वाटले आता कोणीतरी दचकेल. त्यांनी थोडे मोठ्याने म्हटले, "पावसाचं पानी दोन महिनं बी पुरत न्हाय. बाकीचा समदा उपसा बोरचा."

पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतले पाहुणे कौतुकाने शेजाऱ्याकडे वळून काही बोलले.

"तिसऱ्या मजल्यावर उनाळ्यात दुपारी पोरी बसू शकत न्हाईत. एक पोरगी पडली. दोन खिडक्या उगडाय पायजेत. येवढंच."

या वेळच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. साधा माणूस थोडक्यात बोलून थांबला म्हणून असेल. त्या ओसरत आल्या तेव्हा माझ्या लक्षात आले की माझेही हात वाजत होते. मी ऐकत होते, शब्द न् शब्द ऐकत होते, आणि तरी माझे हात वाजत होते. ते मी मांडीखाली घातले.

कार्यक्रम संपल्यावर तात्या शाल काखेत घेऊन माझ्याजवळ आले. चेहरा पांढरा पडला होता. हळूच म्हणाले, "बाई, माइक चालू व्हता न्हवं?"

"चालू होता, तात्या."

"सगळ्यांला आयकू गेलं आसंल?"

"गेलं."

त्यांनी शाल काखेतून काढली, तिची पुन्हा घडी घातली आणि ते मीटरकडे गेले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांनी इंदापूरहून ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा एक कारागीर स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून आणला. मी सोमवारी सकाळी गेले तेव्हा हॉलमध्ये दोन काचा नव्हत्या. पूर्वेकडची एक, खालची; आणि पश्चिमेकडची एक, अगदी वर, छताजवळची. रबरी पट्टी सोडवून काचा सफाईने उतरवल्या होत्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या. कबुतरे येऊ नयेत म्हणून दोन्हीकडे जाळी बसवली होती. प्राचार्यांच्या टेबलावर तात्यांची चिठ्ठी होती: 'काचा मी काढल्या. फुटलेल्या नाहीत. जबाबदारी माझी.'

दहा वाजता कंत्राटदाराचे पत्र आले की उद्यापासून तात्यांनी कामावर येऊ नये. प्राचार्यांना ते देताना संकोच झाला होता, हे मी पाहिले. पण त्यांनी दिले.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी चहा पिता पिता, शेळगावात आपल्या घरी तात्या गेले. मला कळले ते दुपारी. पूनमने सांगितले, तिला कोणीतरी एसटीत सांगितले होते. मी शेळगावला गेले. त्यांच्या मुलीने मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, "कामावरनं काडलं म्हनून काय न्हाय वो मॅडम. त्यांचं मन त्या टाळ्यांनी मोडलं. जेवताना मदीच हात थांबायचा आन म्हनायचं, 'टाळ्या कशापायी वाजवल्या आसतील गं?' मी तरी काय सांगनार?"

ज्या दिवशी मी शेळगावहून परत आले त्या दिवशी दोन्ही काचा परत बसल्या होत्या. खिडक्यांना नव्या रबरी पट्ट्या होत्या, पहिल्यापेक्षा घट्ट. मुली आता दुपारी हॉलमध्ये बसत नाहीत. पुस्तके घेऊन जुन्या इमारतीच्या ओसरीत जातात. हॉल रिकामा असतो, दिवे बंद असतात, आणि गेल्या महिन्यात विजेचा वापर थोडा कमी झाला असे प्राचार्य म्हणाले.

तात्यांना मी शेवटचे पाहिले ते कामावरून काढल्याचे पत्र आले त्याच सोमवारी. पत्र त्यांच्या खिशात होते आणि मुलींना त्यातले काही माहीत नव्हते. हॉलमधून वारा वाहत होता. कागद उडत होते, मुली ओरडत त्यांच्यामागे धावत होत्या, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला गप्प बसा म्हटले नाही. तात्या हॉलच्या मधोमध उभे होते. उजवा हात वर केलेला, पंजा उघडा, डोळे मिटलेले. एक पाऊल पुढे टाकत, थांबत, हाताला वारा लागतो का बघत, पुन्हा एक पाऊल. असे ते टेबलाटेबलाने सगळा हॉल फिरले. अगदी कोपऱ्यातल्या टेबलाशी ते अडले. तिथे पूनम बसली होती. पुढे-मागे होऊन त्यांनी दोनदा हात धरून पाहिला. मग वाकून टेबल धरले आणि पूनम उठायच्या आत ते हातभर अलीकडे ओढले.

"बस बरं आता," ते म्हणाले.

ती बसली. तिच्या कानावरची बट हलली.

"लागतंय का गं?"

"लागतंय, तात्या."

त्यांनी स्वतःचा हात तिच्या डोक्यावर, केसांना न टेकवता, पुन्हा एकदा धरून पाहिला. मग मान डोलावली आणि जिना उतरून गेले.